विश्लेषण : माउस नाही, चित्रे नाहीत, तरी काळ्या पडद्यावरून ई-मेल का पाठवतात?

अकोल्यापासून साधारण वीस किलोमीटरवरच्या बार्शीटाकळीतील एक विद्यार्थी शेगाव किंवा अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आहे, असे समजा. सुट्टीत घरी आलेला असताना त्याला लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’च्या कोडमध्ये, एक बारीकशी चूक सापडली. त्याने ती दुरुस्त केली, फोनवर जीमेल उघडले, दुरुस्ती चिकटवली आणि पाठवून दिली. थोड्याच वेळात पत्र परत आले. दुरुस्ती चुकीची होती म्हणून नव्हे. ती कुणी वाचलीही नव्हती. पत्र ‘एचटीएमएल’ स्वरूपात गेले होते आणि कर्नलच्या कामासाठीचे सर्व्हर अशी पत्रे दारातूनच परत पाठवतात.

हा प्रसंग कल्पित असला, तरी त्यातला नियम खरा आहे. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन ज्या लिनक्स कर्नलवर चालतो, त्या कर्नलमधील बदल आजही प्रामुख्याने ई-मेलने, तेही साध्या मजकुराच्या ई-मेलने पाठवले जातात. त्यासाठी अनेक जण जो प्रोग्राम वापरतात, त्यात माउस चालत नाही, चित्रे दिसत नाहीत, बटणे नाहीत. काळा पडदा आणि त्यावर अक्षरे, एवढेच. ‘मट’, ‘पाइन’ किंवा तिचा वारस ‘अल्पाइन’ ही त्या प्रोग्रामची नावे. तीस-चाळीस वर्षे जुनी ही पद्धत अजून का टिकली आहे आणि तालुक्याच्या गावात बसून ती शिकण्यात काही फायदा आहे का?

जीमेलमधून पाठवले तर बिघडते काय?

कर्नलचा कोड प्रामुख्याने ‘सी’ भाषेत आहे आणि त्यात ओळी आत सरकवण्यासाठी ‘टॅब’ वापरतात. एक टॅब म्हणजे आठ अक्षरांची जागा, असा त्यांचा नियम आहे. दुरुस्ती म्हणजे ‘पॅच’. त्यात वजा चिन्हाच्या ओळी काढायच्या आणि अधिक चिन्हाच्या ओळी घालायच्या असतात. आजूबाजूच्या ओळी जशाच्या तशा जुळल्या, तरच संगणक तो पॅच लावू शकतो. एक टॅब चार-आठ मोकळ्या जागांमध्ये बदलला, तर माणसाच्या डोळ्यांना फरक दिसत नाही; संगणकाला मात्र ती वेगळीच ओळ वाटते.

जीमेलची ब्राउझरमधील खिडकी नेमके हेच करते. ती टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालते आणि लांब ओळी आपल्या मनाने मोडते. साधा मजकूर हा पर्याय निवडला, तरी हे थांबत नाही. कर्नलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत तसे स्पष्ट लिहिले आहे. फोनवरील अ‍ॅपमध्ये तर केवळ साध्या मजकुरात पत्र पाठवण्याची सोयच नाही. थोडक्यात, जीमेलचा पत्ता चालतो. जीमेलची खिडकी चालत नाही. याच पत्त्यावरून मट किंवा ‘गिट’ या प्रोग्राममधील ‘सेंड-ईमेल’ या आज्ञेने पत्र पाठवले, की टॅब जागच्या जागी राहतात.

हा हट्ट जुनाट वाटू शकतो. पण तपासणारा माणूस ते पत्र थेट उत्तराच्या चौकटीत उघडतो, चुकलेल्या ओळीखालीच आपला शेरा लिहितो आणि शेवटी तेच पत्र कोडमध्ये सामावून घेतो. पत्र, चर्चा आणि काम यांची वेगवेगळी कागदपत्रे होत नाहीत. नवख्यांना मानधन देऊन प्रशिक्षणार्थी म्हणून घेणाऱ्या ‘आउटरीची’ या उपक्रमातील कर्नलच्या प्राथमिक धड्यातही मट कसा जोडायचा, हे शिकवले जात आले आहे. म्हणजे इथे ई-मेल पाठवता येणे हीच पहिली परीक्षा असते आणि अभ्यासक्रमात ती कुठेच नसते.

मट उघडल्यावर दिसते काय?

टर्मिनलमध्ये ‘मट’ असे टंकून एंटर दाबले, की पत्रांची यादी येते. एका ओळीत एक पत्र : क्रमांक, तारीख, पाठवणाऱ्याचे नाव, आकार, विषय. बाणाच्या कळीने खाली-वर जायचे, एंटरने पत्र उघडायचे. नवे पत्र लिहायला ‘एम’, उत्तराला ‘आर’, सगळ्यांना उत्तर द्यायला ‘जी’, पुसायला ‘डी’, बाहेर पडायला ‘क्यू’. पत्र लिहायला तुमच्या आवडीचा संपादक उघडतो. लिहून झाले, की ‘वाय’ दाबले म्हणजे पत्र गेले. खरी ताकद ‘एल’ या कळीत आहे. ‘फक्त अमुक माणसाची, गेल्या महिनाभरातली, न वाचलेली पत्रे दाखव’ असे तिला सांगता येते आणि हजारो पत्रांची यादी क्षणात दहावर येते. कळा बोटांत बसल्या, की हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. त्या बसेपर्यंत मात्र चार-आठ दिवस वैताग येतो, हेही खरे.

या प्रोग्रामची वंशावळ गमतीची आहे. १९७८ च्या सुमारास अमेरिकेत बर्कले विद्यापीठात कर्ट शोएन्स यांनी युनिक्ससाठी ‘मेल’ लिहिला. १९८६ मध्ये डेव्ह टेलर यांचा ‘एल्म’ आला. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ पासून ‘पाइन’ घडला. तो कर्मचारी आणि विद्यार्थी अशा सामान्य वापरकर्त्यांसाठी असल्याने पडद्याच्या तळाशी कुठली कळ काय करते, ते लिहिलेले असे. एल्म आणि पाइन ही दोन्ही झाडांची नावे. वऱ्हाडात कुणी असा प्रोग्राम लिहिला असता, तर त्याचे नाव कदाचित ‘निंब’ असते. १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी एल्मचे रूप आणि इतरांचे गुण उचलून नवा प्रोग्राम केला. त्याचे नाव मट, म्हणजे मिश्र जातीचा कुत्रा. पाइनचा मजकूर लिहिण्याचा भाग ‘पिको’. त्याच्या धर्तीवर झालेला ‘नॅनो’ आज लिनक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात भेटतो.

महाराष्ट्रात ई-मेल आला तो असाच?

होय. आपल्याकडे ई-मेल आधी अक्षरांतच आला, चित्रे नंतर आली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू केले. त्यातील पहिली ई-मेल जोडणी १९८६-८७ मध्ये मुंबईतच, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे ‘एनसीएसटी’ आणि पवईच्या आयआयटीदरम्यान झाली. ही दोन ठिकाणे एकाच शहरातली. पण त्यांच्यातला दुवा साध्या टेलिफोन लाइनचा. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. एसटीने टपालाची थैली जावी तसाच हा प्रकार. एनसीएसटीचे तेव्हाचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचा २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतील ‘यूयूनेट’शी सेकंदाला ६४ किलोबिट वेगाची जोडणी झाली. आज एका फोनला ती पुरणार नाही. तेव्हा देशभरातल्या संस्थांची पत्रे त्या वाटेने जात.

सामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, ‘व्हीएसएनएल’तर्फे. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत ते आधी सुरू झाले. चित्रांसह वेब दाखवणारी जोडणी महाग होती. विद्यार्थ्यांना परवडे ते पाचशे रुपयांचे ‘शेल’ खाते. त्यात मोडेम किणकिणत, खरखरत व्हीएसएनएलच्या युनिक्स संगणकाला जोडला जाई आणि घरच्या पडद्यावर फक्त अक्षरे येत. पत्रांसाठी पाइन, वेब वाचायला ‘लिंक्स’ नावाचा अक्षरांचा ब्राउझर. मुंबईच्या खात्यांच्या पत्त्यात ‘जियासबीएम०१’ आणि पुण्याच्या पत्त्यात ‘जियासपीएन०१’ असे लांबलचक नाव असे. तेव्हाच्या व्हिजिटिंग कार्डांवर ते छापलेले अजून सापडेल. हुशार मुले ‘स्लर्प’ नावाचा प्रोग्राम त्या शेल खात्यात बसवून पाचशे रुपयांत चित्रेही पाहत, ही त्या काळची लाडकी चोरवाट.

अकोला, अमरावती त्या पहिल्या यादीत नव्हते. इथून जोडायचे, तर एसटीडीने मोठे शहर गाठणे आले. मिनिटागणिक मीटर पडणार म्हणून लोक रात्री दर उतरण्याची वाट पाहत आणि पत्र आधीच लिहून ठेवत. अशा वेळी अक्षरांचा ई-मेल ही आवड नव्हती, हिशेब होता. सेकंदाला ९,६०० बिटच्या मोडेमवर दोन केबीचे पत्र दोन सेकंदांत जाते. शंभर केबीचे चित्र यायला जवळपास दीड मिनिट लागते. आज जाहिरातींचे ई-मेल इतके फुगलेले असतात, की जीमेल १०२ केबीपुढचा भाग कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा दाखवते. रेंजचा एकच दांडा असताना हा हिशेब आजही तोच आहे.

मराठीचे काय?

इथे गोष्ट अवघड होते. मूळ ई-मेल सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांसाठी होता. पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे १९८२ चे नियमही तसेच. नव्वदच्या दशकात परदेशातली मराठी माणसे एकमेकांना रोमन लिपीत पत्रे लिहीत. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’सारख्या पद्धतीने ती नागरीत छापता येत.

काळ्या पडद्यावर देवनागरी मात्र त्याआधीच आली होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये मोठे झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, ही त्यामागची करामत. तिचे प्रमुख नाव मोहन तांबे. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले, की केवळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम प्रोग्रामऐवजी ते कार्डच करी. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक ठरले आणि आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच आली आहे.

आता ‘बार्शीटाकळी’ हा शब्द ई-मेलच्या विषयात टाकून पाहू. आपल्याला पाच-सहा अक्षरे दिसतात. युनिकोडच्या लेखी काना, वेलांटी, हलन्त धरून ती ११ चिन्हे होतात. प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे ३३ बाइट. इंग्रजीच्या जुन्या वाटेने नेण्यासाठी ते ‘बेस-६४’ पद्धतीने गुंडाळले, की ४४ इंग्रजी अक्षरे होतात. यात एक मजा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह गुंडाळल्यावर चार अक्षरांचे होते आणि त्या चौकडीची सुरुवात ‘४केएस’ किंवा ‘४केडब्ल्यू’ अशी असते (मध्ये मोकळी जागा आली, की ही रांग सरकते). पत्राचा कच्चा मजकूर उघडल्यावर ‘४केएस, ४केएस’ अशी माळ दिसली, तर तो बिघाड नव्हे. ती मराठी आहे.

मट ही माळ उलगडून पुन्हा देवनागरी करतो. अडते ते टर्मिनलपाशी. टर्मिनल म्हणजे गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद. एका चौकटीत एक अक्षर. ‘र्शी’सारखे जोडाक्षर किती चौकटी घेणार, यावर मट आणि टर्मिनल यांचे एकमत झाले नाही, की वेलांटी शेजारच्या घरात सांडते आणि यादीतील रकाने वाकडे होतात. ‘एमएलटर्म’सारखी भारतीय लिप्यांचा विचार केलेली टर्मिनल आहेत, तिथे बरे दिसते. तरीही रोज मराठीत लांब पत्रव्यवहार करणाऱ्याने मटच्या नादी लागू नये, असेच म्हणावे लागेल. तीस वर्षांपूर्वी एका कार्डाने जे साधले, ते आज फुकट मिळणाऱ्या सगळ्या टर्मिनलमध्ये नीट व्हायला हवे होते.

खोटी पत्रे ओळखायला उपयोग होतो?

कोडशी संबंध नसलेल्यांनाही उपयोगी पडावा, असा हा भाग. नोकरीचे नियुक्तिपत्र आले आहे, ‘प्रक्रिया शुल्क’ भरा, अशी पत्रे गावोगावच्या तरुणांना येतात. फोनवर पाठवणाऱ्याच्या जागी नामांकित कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह दिसते. पण ते नाव कुणीही काहीही लिहू शकतो. पाकिटावर पाठवणारा म्हणून कलेक्टरचे नाव लिहिण्याइतके ते सोपे आहे.

मटमध्ये पत्र उघडून ‘एच’ दाबले, की पाकिटाची मागची बाजू दिसते, म्हणजे पूर्ण हेडर. ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी हे टपालाचे शिक्के. ते खालून वर वाचायचे. सर्वांत वरचा शिक्का तुमच्याच सर्व्हरचा, तो भरवशाचा. खालचे शिक्के पाठवणारा बनवूनही टाकू शकतो. ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत ‘एसपीएफ’, ‘डीकेआयएम’ आणि ‘डीमार्क’ यांच्यापुढे ‘पास’ की ‘फेल’, ते पाहायचे. पास म्हणजे पत्र खरोखर त्या डोमेनवरून आले, इतकेच. कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेले डोमेनही पास होते. म्हणून ‘अ‍ॅट’ चिन्हानंतरचा पत्ता अक्षर-अक्षर वाचावा लागतो.

आणखी एक गोष्ट. मट पत्रातील चित्रे बाहेरून मागवतच नाही. जाहिरातदार पत्रात एका ठिपक्याएवढे अदृश्य चित्र लपवतात. ते तुमच्या फोनने मागवले, की ‘पत्र उघडले’ ही खबर त्यांना मिळते. अक्षरांच्या पडद्यावर हा ठिपका मुकाच राहतो. एचटीएमएल पत्र लिंक्समार्फत मजकुरात बदलून घेतले, तर सगळ्या दुव्यांचे खरे पत्ते तळाशी क्रमवार येतात. ‘येथे क्लिक करा’च्या मागे काय दडले आहे, ते न दाबताच कळते.

मट नको असेल, तर हेच हेडर संगणकावरील जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ने पाहता येते. शुल्क भरण्याआधी एकदा तेवढे करावे.

फोनवर करून पाहायचे तर?

जुना, पडून असलेला संगणक असेल, तर त्यावर लिनक्स टाकणे उत्तम. मटला अगदी कमी मेमरी पुरते. तो नसेल, तर अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ नावाचे अ‍ॅप आहे. ते ‘एफ-ड्रॉइड’वरून घेतात. त्यात मट आणि अल्पाइन दोन्ही एका आज्ञेने बसतात. नवख्याने अल्पाइनपासून सुरुवात करावी. कळांची यादी समोर दिसते. फोनचा कीबोर्ड मात्र या कामाला त्रासदायक आहे, ओटीजी वायरने साधा यूएसबी कीबोर्ड जोडलेला बरा.

जीमेल जोडताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद केली. आधी खात्यावर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करायचे, मग १६ अक्षरी ‘अ‍ॅप पासवर्ड’ तयार करायचा आणि तो वापरायचा. हा पासवर्ड मटच्या फाइलमध्ये उघडा लिहून ठेवण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिसतो. तो ऐकू नये. ती फाइल कुणाच्या हाती लागली, तर सगळा पत्रव्यवहार त्याच्या हाती जातो. फाइलमध्ये तो लिहिलाच नाही, तर मट दर वेळी विचारतो. थोडे टंकावे लागते, पण सुरुवातीला तेच ठीक.

मट जोडणीवर पत्र उघडताना जोडलेल्या फाइलसकट आख्खे पत्र उतरवतो, त्यामुळे वीस एमबीचा पीडीएफ असलेले पत्र कमी रेंजमध्ये इथेही रखडते. त्यावर उपाय म्हणजे ‘एमबीसिंक’. रेंज चांगली असताना तो सगळी पत्रे आपल्या डिस्कवर उतरवून ठेवतो, एक पत्र म्हणजे एक साधी फाइल. मग इंटरनेट नसतानाही ती वाचता, शोधता येतात. गुगलच्या मोफत खात्याची १५ जीबी जागा भरली, की नवी पत्रे येणे थांबते आणि सलग दोन वर्षे न वापरलेले खाते पुसले जाऊ शकते. पत्रे आपल्या डिस्कवर असतील, तर निदान जुना पत्रव्यवहार जात नाही.

आजीला नातवाचे फोटो पाठवायचे असतील, तर यातले काहीही करू नये.

ज्याला कर्नलची दुरुस्तीच पाठवायची आहे, त्याने कोडसोबतच येणाऱ्या ‘चेकपॅच’ने ती तपासावी, ‘गेट-मेंटेनर’ला विचारून कुणाला पाठवायची ते काढावे आणि शेवटी आपल्या खऱ्या नावाने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ घालावी. पण त्या पत्त्यांवर नव्हे, पहिले पत्र स्वतःलाच पाठवावे. आलेले पत्र फाइल म्हणून साठवावे आणि ‘गिट’ला ते कोडवर लावायला सांगावे. बिनतक्रार लागले, तर टॅब शाबूत आहेत.